नागीण गेली, आग राहिली

ताई, नमस्कार.

माझी आई ७९ वर्षांची. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडे कराडला असते. आठ महिन्यांपूर्वी तिला नागीण झाली, डाव्या बाजूला, पाठीपासून छातीखालपर्यंत. उष्णतेचे फोड असतील म्हणून आम्ही चार दिवस काव उगाळून लावत बसलो, मग डॉक्टरांकडे गेलो. महिन्याभरात खपल्या पडल्या, कातडी स्वच्छ झाली. दुखणं मात्र गेलं नाही. आग होते म्हणते, मध्येच चमक मारते, कपडा लागला तरी कळवळते. ब्लाऊज घालणं सोडलंय. पदर दोन बोटांनी अंगापासून उचलून धरून बसते. पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. डॉक्टरांनी गॅबापेन्टिन दिलंय, पण त्याने गुंगी येते म्हणून ती ते ‘फार झालं तरच’ घेते. एरवी मेडिकलमधून आणलेली दुखण्यावरची गोळी. बीपी आहे, त्याचं औषध चालू आहे.

भाऊ पुण्याला. पैसे पाठवतो, त्यात कसूर नाही. पण त्याच्या मते आई पहिल्यापासून बाऊ करते. “पाहुणे आले, भजन सुरू झालं, की कसं दुखत नाही?” असं विचारतो. खरं सांगते, मलाही कधीकधी तसंच वाटतं. त्याने गोळीचं नाव नेटवर शोधलं, तर ती फिट्सची निघाली. आता म्हणतो बंद करा, सवय लागेल. मी घरी स्कॉलरशिपचे क्लास घ्यायचे, ते बंद केले. गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता माझ्या तोंडून गेलं, “किती कण्हशील गं!” त्या रात्रीपासून आई पदर तोंडात धरून झोपते. आणि दिवसा म्हणते, “देवानं आता उचलावं.” मी काय करू?

— एक मुलगी, कराड

* * *

नमस्कार.

आधी तुमच्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न थोडा तुमचाही आहे. आई बाऊ करत नाहीये. तुम्ही जे वर्णन लिहिलंय ते नागिणीनंतर राहणाऱ्या मज्जातंतूच्या दुखण्याचं अगदी ठरलेलं वर्णन आहे. पदर बोटांनी उचलून धरणं तर इतकं नेमकं आहे, की डॉक्टरांना फक्त तेवढं सांगितलंत तरी पुरे.

होतं असं. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं दबा धरून राहतो. म्हातारपणी प्रतिकारशक्ती उतरली की त्यातल्या एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून फोडांचा पट्टा एकाच बाजूला, पाठीकडून पुढे येतो. (नागिणीने वेढा पूर्ण केला की माणूस दगावतो, असं आपल्याकडे अजून सांगतात. आईच्या कानावर ते कोणी घातलं असेल तर तिला स्पष्ट सांगा की ते खोटं आहे. आठ महिन्यांनीही काही म्हाताऱ्या माणसांच्या मनात ही भीती असते आणि ती बोलून दाखवत नाहीत.) फोड दोन-चार आठवड्यांत बरे होतात, पण त्या वाटेवरचा मज्जातंतू दुखावलेला राहतो. बटण कोणी दाबलेलं नसताना शॉर्ट झालेली बेल वाजत राहावी, तसा तो मेंदूला निरोप धाडत राहतो. तीन महिन्यांवर दुखणं टिकलं की डॉक्टर त्याला वेगळा आजार धरतात. कातडी बरी दिसते म्हणून आपल्याला वाटतं, आता काय राहिलं दुखायला? दुखणं कातडीत नाहीच मुळी.

आता भजनाचं. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं, की दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत सरळ जात नाही. वाटेत मज्जारज्जूत त्याला अडवणारी, कमी-जास्त करणारी व्यवस्था असते, आणि मेंदूही वरून त्यात हात घालतो. पुढच्या काळात त्या मांडणीत बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला. मन एखाद्या गोष्टीत रमलं की दुखणं खरोखर कमी जाणवतं. रात्री घर शांत झालं, करायला काही उरलं नाही, की तेच दुखणं दुपटीने अंगावर येतं. म्हणजे भजनात दुखत नाही हा नाटकाचा पुरावा नाही. उलट तो तुमच्या हाती लागलेला एक उपाय आहे, आणि फुकटचा आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येते.

काव लावण्यात गेलेल्या चार दिवसांबद्दलही एक वाक्य, कारण पत्रात तुम्ही ते उगाच लिहिलेलं नाही. विषाणूवरचं औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करावं हे खरं. फोड लवकर बरे होतात, तेव्हाच्या वेदना कमी होतात. पण त्याने पुढचं हे दुखणं नक्की टळतं असं सिद्ध झालेलं नाही. या दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण वय. तेव्हा त्या चार दिवसांचं ओझं खाली ठेवा. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी मात्र ७२ तास लक्षात ठेवावेत, आणि फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

औषधांवर जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या घरातली खरी गडबड तिथे आहे.

गॅबापेन्टिन फिट्सवर देतात हे खरंच आहे. मज्जातंतूच्या दुखण्यावरही देतात, आणि त्याच्याच जातीचं प्रीगॅबॅलिन हे औषधही तसंच. उद्या डॉक्टरांनी अॅमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन लिहिलं, तर भाऊ नेटवर बघून म्हणेल की ही डिप्रेशनची गोळी, आईला वेडी ठरवताय का. तीसुद्धा कमी मात्रेत याच दुखण्यावर चालते. दुखावलेल्या मज्जातंतूची ओरड शांत करणारी औषधं ही अशी दुसऱ्या खात्यातून आलेली आहेत, त्याला इलाज नाही. भावाला एवढं कळलं तरी त्याचा अर्धा विरोध मावळेल.

पण ही गोळी ‘फार झालं तर’ घ्यायची नसतेच. डोकं दुखलं, घेतली, उतरलं, अशी ती चालत नाही. रोज, ठरल्या वेळी, अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवत न्यायची असते, आणि फरक कळायला काही आठवडे लागतात. आई अधूनमधून घेते म्हणजे तिच्या वाट्याला फक्त गुंगी येते, गुण येतच नाही. मग ती म्हणणारच, की या गोळीने काही होत नाही. आठ महिने दुखणं सोसूनही औषधाला एकदासुद्धा नीट संधी मिळालेली नाही, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

गुंगीची तक्रार खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नका. या वयात गुंगी म्हणजे तोल जाणं, आणि पडली तर खुब्याचं हाड. डॉक्टरांकडे जा आणि नेमकं विचारा: मात्रा कमी करून सुरुवात करता येईल का? मोठा भाग रात्री देता येईल का? क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, शेवटची कधी केली? कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि म्हातारपणी मूत्रपिंड मंदावलेलं असतं, तेव्हा चाळिशीतल्या माणसाची मात्रा तिला जड जाते. ती ॲसिडिटीसाठी पांढरं पातळ औषध घेत असेल तर तेही सांगा; त्यात आणि गॅबापेन्टिनमध्ये दोन तासांचं अंतर लागतं, नाहीतर गोळी पुरती लागू पडत नाही. आणि काही झालं तरी रोजची गोळी भावाच्या एका फोनवर एकदम बंद करू नका. ती कमी करायची तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे टप्प्याटप्प्यानेच. सवयीचं म्हणाल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्यासाठी म्हणून घेणाऱ्या ७९ वर्षांच्या बाईला ‘नाद’ लागण्याची चिंता मी करणार नाही. तिच्या तोल जाण्याची करेन.

ज्या गोळीची चिंता कोणीच करत नाहीये ती म्हणजे मेडिकलमधून आणलेली. तिचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण बहुधा डायक्लोफेनॅक किंवा तसलंच काही असणार. मज्जातंतूच्या आगीवर तिचा फारसा उपयोग नाही. बीपीच्या माणसाला, त्यातून या वयात, ती रोज घेणं मात्र धोक्याचं. बीपी वाढतं, पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंड बिघडतं. शौचाला काळी झाली तर दवाखान्यात न्यायला सकाळची वाट पाहू नका. मेडिकलवाल्याला सरळ सांगून ठेवा की आमच्या घरच्या कोणालाही चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही. ओळखीचा असला तरी सांगा. ओळखीचा असला तर जास्तच सांगा.

याशिवाय बधिर करणारं लिग्नोकेनचं मलम किंवा पट्टी असते, ती अंगात फारशी भिनत नसल्यामुळे म्हाताऱ्या माणसांना बरी पडते. फॅमिली डॉक्टरांनी आता हात टेकले असतील तर वेदनाचिकित्सकाकडे चिठ्ठी मागा. बहुतेक करून भूलतज्ज्ञच या शाखेचं पुढचं शिक्षण घेतात, आणि मोठ्या रुग्णालयांत, वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचा वेगळा बाह्यरुग्ण विभाग असतो. कराडला चौकशी करा, नाही जमलं तर पुणं आहेच. खर्चाचं म्हणाल तर सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवावं, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर उपयोगी पडतं. रोजच्या गोळ्यांसाठी चिठ्ठीवर औषधाच्या घटकाचं नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा.

एक वही घाला. डॉक्टर विचारतात, शून्य ते दहामध्ये किती दुखतं? तुमच्या आईसारख्या बायका यावर म्हणतात, “आता काय सांगू डॉक्टर, लई दुखतंय.” तिला आण्यात विचारा. तिच्या लहानपणी रुपया सोळा आण्यांचा होता, “दोन आण्यांचा फरक पडला” हे ती सहज सांगेल. सकाळी एकदा, रात्री झोपण्याआधी एकदा विचारायचं, आकडा लिहायचा, शेजारी झोप किती लागली, गोळी किती वाजता घेतली. डॉक्टर त्याचं दहात रूपांतर करून घेतील. मात्र दर तासाला “दुखतंय का गं?” असं विचारू नका. प्रेमाने विचारता, पण दर वेळी तिचं लक्ष तुम्हीच पुन्हा तिकडे वळवता.

आणि आता मला मुख्य म्हणायचंय ते. तुम्ही दोघी सोळा आण्यांचा शून्य आणा होण्याची वाट बघताय. ती वाट सोडा. या वयात, एवढ्या महिन्यांनंतर, हे दुखणं कदाचित पूर्ण जाणार नाही. सोळाचे अकरा झाले तरी डॉक्टर त्याला औषध लागू पडलं म्हणतात, आणि निम्मं उतरलं तर फार चांगलं. शून्याचा हट्ट धरला की प्रत्येक गोळी नापास ठरते, दर महिन्याला नवा डॉक्टर, नवा काढा, कोणीतरी सांगितलेला नवा मांत्रिक. त्याऐवजी आईला विचारा, हे दुखणं थोडं कमी झालं तर तुला कुठली एक गोष्ट करायचीय? माझा अंदाज, ती भजनाचं नाव घेईल. मग ठरवा: एकादशीला तासभर मंडळात बसणं. डॉक्टरांना सांगायचं ते हेच, की आम्हाला सहा तासांची झोप आणि एकादशीचं भजन हवंय. त्या दिवशी गोळीची वेळ, जेवण, रिक्षा, पाठीला टेकायला जागा, सगळं त्या हिशेबाने लावा. तासभर जमलं नाही तर वीस मिनिटं. दोन आणे जास्त दुखलं तरी ती येताना वेगळी होऊन येईल.

कपड्यांचं एक सांगते. असल्या दुखण्यात हलका स्पर्श जास्त त्रास देतो, घट्ट दाब त्या मानाने सोसतो. म्हणून सैल, भुरभुरणारा कपडा बरा असं वाटतं, पण तोच वाईट. तो हलला की घासतो. अंगाबरोबर बसणारी, वापरून मऊ झालेली सुती बंडी, शिवण बाहेरच्या बाजूला येईल अशी उलटी घालून बघा. कोणाला रेशमी अस्तर सोसतं. काही जण त्या पट्ट्यावर स्वयंपाकघरातली चिकटणारी प्लास्टिकची पातळ फिल्म लावून वर कपडा घालतात. विचित्र दिसतं, पण कपडा घासत नाही. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून ठेवा. आंघोळीला तांब्या उजव्या खांद्यावरून, डावी बाजू शेवटी, टॉवेलने पुसायचं नाही तर टिपायचं. गार पाण्याच्या फडक्याने बरं वाटतं का तेही पाहा, सगळ्यांना वाटत नाही. बर्फ थेट कातडीवर नको. ब्लाऊज पुन्हा घालता येणं ही तिच्यासाठी छोटी गोष्ट नसणार. अर्धं आयुष्य नीटनेटकं राहिलेली बाई दार वाजलं की पदर सावरत आत पळत असेल, तर ती माणसांत येणंच बंद करते.

आता त्या रात्रीचं. महिनोन् महिने मोडलेली झोप, रात्रीचे दोन, आणि तोंडातून गेलेलं एक वाक्य. मी त्यावर तुम्हाला उपदेश करणार नाही. पण आई पदर तोंडात धरून झोपतेय हे तसंच राहू देऊ नका. तिला वाटतंय, आपल्या दुखण्यावर लेकीच्या घरात बंदी आहे. दिवसा, हातात काहीतरी काम असताना, वाटाणे सोलताना म्हणा, सांगा: “आई, त्या रात्री मी चिडले ते झोप नव्हती म्हणून. तुला दुखतंय हे मला कळतं. कण्हावंसं वाटलं तर कण्ह, पदर काढ तोंडातला.” एवढंच. माफीचा सोहळा करू नका, ती बिचारी उलट तुमचीच समजूत काढत बसेल. आणि आठवड्यातल्या दोन रात्री तरी तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. घरात यजमान असतील, मुलं मोठी असतील, तर त्या रात्री त्यांच्या. तिच्या हाताशी घंटी, उठायच्या वाटेवर मंद दिवा, पलंगावरून उठताना आधी मिनिटभर बसून मग उभं राहायची सक्त ताकीद.

“देवानं उचलावं” हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणंच असतं, हे खरं. तरी एकदा ते बोलणं समजून बाजूला ठेवू नका. शांतपणे विचारा, “आई, हे नुसतं वैतागून म्हणतेस, की स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं?” विचारल्याने डोक्यात नसलेला विचार डोक्यात येत नाही. जेवण तुटलं असेल, भजनाचीही ओढ उरली नसेल, दागिने वाटायला काढले असतील, गोळ्या साठवत असेल, तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा. लांबलेल्या दुखण्यासोबत नैराश्य पुष्कळदा येतं आणि त्यावर उपचार असतो. ती ‘हो’ म्हणाली तर त्याच दिवशी, आणि तिला एकटी ठेवू नका. सगळ्या गोळ्या आजपासून तुमच्या कपाटात. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता, हे मुद्दाम लिहितेय.

भाऊ. त्याच्यावर तुम्ही जितक्या चिडला आहात तितका तो वाईट नसावा. त्याचा फोन आला की आई काय म्हणते, जरा आठवा. “बरी आहे रे मी. तू जेवलास का?” मुलाला फोनवर ‘बरी आहे’ आणि लेकीला रात्री दोनला सगळं खरं, हे घरोघरी चालतं. त्याच्यापुढे रोज बरी असणारी आई आहे आणि तक्रार करणारी बहीण आहे. मग तो काय समजणार? त्याला समजावत बसू नका, बोलवा. शुक्रवारी रात्री ये, रविवारी जा, दोन्ही रात्री आईच्या खोलीत तू झोप. त्या दोन दिवसांत तुम्ही घरात थांबू नका. थांबलात तर सगळं तुम्हीच कराल आणि तो पेपर वाचत बसेल. त्यानंतर एक काम पुरतं त्याच्या अंगावर टाका. वेदनाचिकित्सकाची वेळ घेणं, आईला नेणं, रिपोर्ट सांभाळणं, औषधं संपण्याआधी पाठवणं. ‘मदत कर’ म्हटलं तर तो पैसे पाठवतो, कारण त्याला तेवढंच सांगितलं गेलंय. पैसेही लागतातच, त्यातून दिवसाचे तीन-चार तास येणारी बाई ठेवा, आणि त्याबद्दल आईची परवानगी मागू नका. ती नको म्हणेल. पंधरा दिवसांनी ती त्या बाईला स्वतःच्या माहेरच्या गोष्टी सांगत असेल.

ते तास क्लाससाठी आहेत, घरातली कपाटं आवरण्यासाठी नाहीत. सगळ्या बॅच नकोत, एक सुरू करा. पोरं घरी येणार, पाढे म्हणणार, गलका होणार. आईला बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून द्या. वाती वळत बसू दे, नाहीतर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावू दे. त्रास होईल असं वाटलं तर उठून आत जाईल. मला वाटतं बसेल.

आणि तुमच्या स्वतःच्या वयाचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण पन्नाशी ओलांडली असेल तर नागिणीच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. २०२३ पासून ती आपल्याकडे मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यायचे असतात, आणि महाग आहे. आईचं आत्ताचं दुखणं तिने जाणार नाही. पुन्हा नागीण होऊ नये म्हणून आईलाही द्यायची का, ते त्याच भेटीत विचारून घ्या.